दादाची बांधलेली रायफल

ज्यानं माझ्या भावाला गोळी घातली, त्याची बायको शस्त्रागाराच्या पायरीवर बसली होती. मी जेवून परतलो तर समोर हीच. पावसानं चिंब झालेली, पदर पिळत. मला पाहून उठली आणि हात जोडले.

“भाऊ, एक डाव ते बंदूक उघडून पाहा न जी.”

“प्रयोगशाळेनं पाहिली. दोष नाही म्हणून लिहून दिलं त्यांनी. आता मी काय नवीन पाहू?”

“मी कोणाले लबाड नाही म्हणत. पण ते म्हणते, ट्रिगरले बोटच लावलं नव्हतं. पोरीची आण घेऊन सांगते.”

“तुरुंगात गेल्यावर सगळ्यांनाच पोरी आठवतात.”

मला वाटलं, आता जाईल. पण ती गेली नाही. खाली मान घालून हळूच म्हणाली, “दुसऱ्या कोणी सांगतलं तर लोक म्हणतीन, वकिलानं पढवलं. तुमी सांगतलं तर कोणी काही म्हणू शकत नाही. तुमी मयताचे भाऊ.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला मारायचं, आणि वर दादाच्याच भावाकडून सुटकेचा दाखला मागायचा! मी तिला नको नको ते बोललो. आली तशीच पावसात निघून गेली. तिचं नाव शकुन. पोलीस लायनीत आमच्या दोन दारं पलीकडे राहायची, आणि एके काळी तिच्या हातचे सांडगे आमच्या घरी डबा भरून यायचे.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी तेव्हा विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात आर्मोरर होतो, म्हणजे पोलिसांची हत्यारं दुरुस्त करणारा. त्या काळी शिपायांच्या खांद्यावर थ्री नॉट थ्रीच असायची. दर गोळीला हातानं बोल्ट, म्हणजे नळीमागचा लोखंडी दांडा, मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, खाली दाबायचा. माझा मोठा भाऊ दिगांबर नन्नावरे हवालदार होता, आणि जिल्ह्याच्या नेमबाजी संघातला पहिला माणूस. मला पोलिसात त्यानंच घातलं, आर्मोररच्या कोर्सला त्यानंच पाठवलं. माझं लग्न झालेलं नव्हतं. मी त्याच्याच क्वार्टरमध्ये, त्याच्या आणि कौशल्या वहिनींच्या संसारात राहत होतो.

शकुन पायरीवर येऊन बसली, त्याच्या आधीच्या वर्षीचा मे महिना होता. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. ट्रेझरीची रोकड घेऊन एक व्हॅन तालुक्याला निघायची होती. दादा गार्डचा प्रमुख, हाताखाली शिपाई हंसराज लोणारे. दादानं आधी व्हॅनमध्ये चढून ‘भर’ म्हणून हुकूम दिला. हंसराजनं रायफल भरली, बोल्ट बंद केला, दस्ता व्हॅनच्या लोखंडी पायरीवर टेकवला, आणि वर चढायला हात पुढं केला. दादा त्याला हात द्यायला खाली वाकला. तेवढ्यात गोळी सुटली. ती दादाच्या गळ्यातून आरपार गेली.

अपघात म्हणून प्रकरण मिटलंही असतं. पण दोनच दिवस आधी बराकीत दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं होतं, आणि ते पाच-सहा जणांनी ऐकलं होतं. कशावरून, ते कोणाला धड सांगता येईना. हंसराज म्हणायचा, ट्रिगर बरोबर नाही म्हणून तक्रार केली होती. यावर कोण विश्वास ठेवणार? दादाला ट्रिगर शिकवायला निघालेला हा कालचा शिपाई! खुनाचं कलम लागलं, आणि मला ते कमीच वाटलं.

वर्ष सरलं आणि पुन्हा पावसाळा लागला. खटला उभा राहिला. बचावाच्या वकिलानं कोर्टाकडून हुकूम आणला की रायफल पुन्हा एकदा सर्वांसमोर तपासावी. आमचे राखीव निरीक्षक पाथ्रीकर साहेब यांनी मला बोलावलं.

“मुरलीधर, तुझा सख्खा भाऊ गेलाय. मी शेजारच्या जिल्ह्यातून आर्मोरर मागवतो.”

“नको साहेब. मी करतो.”

“गंमत म्हणजे त्यांचा वकील बुरडेसुद्धा तुझंच नाव घेतोय. त्याचं डोकं ठिकाणावर आहे का?”

ते डोकं बुरडे वकिलाचं नव्हतं, शकुनचं होतं. मला ते कळत होतं. तरी मी हो म्हणालो, कारण मला हंसराज फासावर जायला हवा होता, आणि तो माझ्या हातानं गेला तर मला जास्त बरं वाटणार होतं. आहे ते सांगतो. तेव्हाच्या माझ्या मनात याशिवाय काही नव्हतं.

तपासणी शस्त्रागाराच्या व्हरांड्यात झाली. टेबलावर घोंगडी अंथरली होती. पाथ्रीकर साहेब, बुरडे वकील, सरकारतर्फे एक जण, आणि दोन शिपायांच्या मधे हंसराज. शकुन बाहेर चिंचेखाली उभी. हंसराजकडे मी पाहिलं नाही.

सील तोडलं. रायफल रिकामी आहे हे सगळ्यांना दाखवलं. या रायफलीचा ट्रिगर दोन टप्प्यांत दबतो. पहिला दाब मऊ असतो. तो संपला की बोटाला काहीतरी अडल्यासारखं लागतं. तिथून पुढं दुसरा दाब दिला की गोळी सुटते. मी काटा लावून दोन्ही दाब मोजले. अगदी हवे तेवढे. बोल्ट जोरानं आपटून बंद केला, एकदा, दोनदा, कितीदा तरी. दस्ता जमिनीवर ठोकला. कुठं काही नाही. लाकूड न उतरवता निघतील तेवढे आतले भाग काढून भिंगाखाली पाहिले. कानस नाही, पॉलिश नाही, झीज नाही.

“कितीही आपटा,” मी म्हणालो, “ही आपोआप सुटायची नाही.”

बुरडे वकिलानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. हंसराज पहिल्यांदाच बोलला.

“मुरलीभाऊ, पयला दाब नव्हता तिले. हात लावला की थेट दुसराच. मी दिगांबरभाऊले सांगतलं होतं.”

“आता आहे ना?”

“आता आहे जी. तवा नव्हता.”

“म्हणजे तुरुंगात तू सडलास आणि रायफल मात्र सुधारली!”

पाथ्रीकर साहेबांनी मला हातानं गप्प केलं. काम संपलंच होतं. सगळे स्क्रू घट्ट आहेत का पाहायचं आणि पुन्हा सील लावायचं. मी ट्रिगरच्या पुढच्या मोठ्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला आणि पीळ दिला.

तो स्क्रू थांबायला हवा होता. या रायफलीचा ट्रिगर वरच्या लोखंडी अंगाला जोडलेला नसतो. तो खालच्या पट्टीला असतो, आणि दोन्हींच्या मधे लाकूड. लाकूड उन्हात आटतं, पावसात फुगतं. त्याच्या भरवशावर अंतर ठेवलं तर ट्रिगर कधी जवळ जाईल, कधी लांब. म्हणून त्या स्क्रूभोवती लाकडाच्या आत एक लहानशी लोखंडी रिंग असते. तिला आम्ही कॉलर म्हणतो. स्क्रू आवळला की पट्टी त्या कॉलरला टेकते आणि लोखंडावर लोखंड येऊन हात गच्च थांबतो. हजारो रायफलींवर माझ्या मनगटानं ते थांबणं अनुभवलेलं होतं.

हा स्क्रू थांबला नाही. थोडा फिरला, आणखी फिरला, मऊ मऊ लाकडात रुतत चालला.

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं होत्या आणि कोणालाही काहीही कळलेलं नव्हतं. मी हात काढून घेतला असता, ‘ठीक आहे’ म्हणालो असतो, तर जगात कोणाला पत्ता लागला नसता. दादाची चिता माझ्या डोळ्यांसमोर होती आणि तिला अग्नी देणारा हात माझाच होता. तरी तोच हात स्क्रू फिरवत राहिला. का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. हातानं माझं ऐकलं नाही, एवढंच खरं.

स्क्रू शेवटपर्यंत गेला. मी ट्रिगरला बोट लावलं. पहिला दाब नव्हता.

बोल्ट बंद केला. बोट लांब धरलं, सगळ्यांना दिसेल असं. आणि दस्ता फरशीवर टेकवला, ठोकलाही नाही, नुसता टेकवला.

खट्.

तो आवाज चिंचेखाली उभ्या शकुनलाही ऐकू गेला असावा. हंसराज मट्कन खाली बसला आणि बेड्यांचे हात तोंडावर घेऊन लहान पोरासारखा रडायला लागला. त्याला उठवायचं भान त्याच्या शिपायांनाही राहिलं नाही.

मी लाकूड उतरवलं. कॉलर तळहातावर पडली. हवी त्यापेक्षा आखूड. एका बाजूनं कानशीनं घासलेली. मी साहेबांना समजावून सांगितलं, पण माझा आवाज मलाच परका वाटत होता. मेमध्ये लाकूड आटलेलं असतं. वार्षिक तपासणीच्या आधी ज्याच्या हाती रायफल, तो स्क्रू आवळून ठेवतो, असा मुख्यालयाचा रिवाज. कॉलर धड असली तर कितीही आवळा, काही बिघडत नाही. ही आखूड, त्यामुळं ट्रिगर वर ओढला गेला आणि आतला खटका जेमतेम टोकावर टेकून राहिला. पायरीवर दस्ता टेकवल्याचा धक्काही त्याला पुरला. पुढं प्रयोगशाळेनं रायफल उघडली ती भर पावसाळ्यात, आणि फुगलेल्या लाकडावर परत बसवली. स्क्रू लाकडावरच अडला, ट्रिगर पुन्हा जागेवर आला. त्यांनी जे पाहिलं ते खरंच लिहिलं, कॉलर मोजायचं तेवढं राहिलं.

“पण घासली कोणी?” बुरडे वकिलानं विचारलं.

“ते कोर्टात विचारा,” पाथ्रीकर साहेब म्हणाले, आणि सगळ्यांना वाटेला लावलं. मग मला एका बाजूला घेतलं. “मुरली, तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. ती रायफल कित्येक वर्षं दादाच्या एकट्याच्या हातातली. मॅचची रायफल. तिला दुसरा कोणी हात लावत नसे. नेमबाजांमध्ये एक खूळ होतं: कॉलर थोडी घासायची आणि स्क्रू आवळून लाकूड लोखंडाला गच्च दाबून बसवायचं, म्हणजे लोखंडाची लाकडातली बैठक पक्की होते आणि गोळ्या एका जागी पडतात. त्याला ते ‘रायफल बांधणं’ म्हणत. मी कोणालाही करताना पकडलं की शिव्या देत असे. दादाचं नाव संघातून वगळलं गेलं, तेव्हा रायफल साध्या ड्यूटीला आली आणि हंसराजच्या वाट्याला गेली. त्याला पहिला दाब लागेना. शिपायानं तक्रार हवालदारामार्फत करायची, म्हणून तो दादाकडं गेला. आणि दादा, त्याच्या रायफलीला कोणी नाव ठेवलेलं सहन न होणारा आमचा दादा, त्याच्यावर ओरडला. तेच ते भांडण.

“हे बघ,” साहेब म्हणाले, “माहीत नाही म्हणालास तर तुझ्यावर येणार. शस्त्रागार तुझ्या ताब्यात. माहीत आहे म्हणालास तर तुझ्या वहिनींचा अनुकंपा नोकरीचा कागद अडला. मयताचीच चूक निघाली तर फाइल वर जाऊन बसेल, असं बडे बाबूंनी मला तोंडावर सांगितलंय. मी काही सुचवत नाही. विचार करून ये.”

संध्याकाळी घरी गेलो तर वहिनी कणीक मळत होत्या. दादाच्या दोन्ही पोरी अभ्यासाला बसलेल्या.

“काय झालं जी भाऊजी तपासणीचं?”

“रायफलीत दोष निघाला, वहिनी. हंसराजनं ट्रिगर दाबला नव्हता.”

त्यांचे हात परातीतच थांबले. “कोण म्हणते?”

“मीच.”

“तुमी?” त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मान फिरवली. “त्याईच्या रक्तानं माखलेला शर्ट तुमी धुतला, मी नाही. अन् तुमीच त्याले सोडवून राहिले?”

“खटका टोकावर होता, वहिनी. धक्क्यानं सुटला.”

“कायनं झाला असा दोष?”

“जुनी झाली होती रायफल.”

त्यांनी ताट वाढून समोर आपटलं आणि पोरींजवळ जाऊन बसल्या. मी घास मोडला, पण तोंडात घालवेना. ताट झाकून ठेवलं. हंसराजचा द्वेष करता करता मी वर्षभर जगलो होतो. तो काढून घेतल्यावर आत काही उरलंच नव्हतं. आणि त्या रिकाम्या जागी दादावर राग येत होता, जो मला यायला नको होता. मेलेल्या भावावर रागावणाऱ्यासारखा दुर्दैवी माणूस नाही.

सकाळी उठलो तेव्हा माझं ठरलेलं होतं. कॉलर मी घासली म्हणायचं. दादाच्या हट्टापायी, त्याच्या मॅचसाठी, माझ्याच हातानं. नोकरी गेली असती, खटलाही झाला असता. एकटा जीव, सुटल्यावर कुठल्याही लेथवर पोट भरलं असतं. वहिनींचा कागद तरी निघाला असता. दुसरा रस्ता शोधून शोधून माझं डोकं शिणलं होतं, आणि मला तो दिसत नव्हता.

कोर्टात वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. मी हे तोंडानं बोलतो की नाही, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं असणार. त्यांच्याच शेवटच्या बाकावर दुसऱ्या टोकाला शकुन. जागाच तेवढी होती.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सगळं सांगितलं. न्यायाधीश साहेबांनी कॉलर मागवली, पांढऱ्या कागदावर ठेवली, चिमटीत धरून उजेडाकडं नेली. मग त्यांनी विचारलं, “ही घासली कोणी?”

“शस्त्रागाराची जबाबदारी माझी आहे, साहेब.”

“जबाबदारी मी विचारली नाही. घासली कोणी?”

समोर हंसराज उभा होता, पाथ्रीकर साहेब खाली पाहत होते. “मी...” मी म्हणालो, “म्हणजे, माझ्या...”

“ते रिंग माह्या घरात घासली जी.”

सगळं कोर्ट मागं वळलं. वहिनी उभ्या होत्या. पदर डोक्यावर ओढलेला, दोन्ही हात समोरच्या बाकावर घट्ट.

“तुम्ही कोण?”

“मयताची बायको.”

सरकारी वकील घाईनं उठले. “बाई, आपण काय बोलताय ते समजतंय ना? याचा अर्थ तुमचा नवरा स्वतःच्या...”

“समजते जी. भाऊजी काल जेवले नाही. जुनेपणाचा दोष असता तर जेवले असते.” मग न्यायाधीशांकडं पाहून म्हणाल्या, “हे भाऊजी खोटं सांगतीन तुमाले. त्याईच्या मनात काय आहे ते मले समजते. म्हणून मीच सांगते.”

त्यांना पुढं बोलावलं, शपथ दिली. मी खाली उतरलो.

“ओट्यावर बसून घासत होते,” वहिनी सांगत होत्या. “मी तांदूळ निवडत होती. लहान पोरीनं खेळायले उचलली तं तिच्या हातातून हिसकली. मी म्हटलं, कायचं एवढं मोलाचं आहे त्याच्यात? तं म्हणाले, मॅचले रायफल बांधून राहिलो. डोळे साथ देत नाही आता, रायफल तरी दिली पाहिजे. एवढंच म्हणाले. ते मॅचची गोष्ट, मले काय समजते? काल भाऊजीनं खटका म्हटलं तवाही नाही समजलं. आज तुमी हातात धरली तवा ओळखली.”

त्या तेवढं बोलल्या आणि थांबल्या. टाइप करणाऱ्याचा आवाज तेवढा चालू होता. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि आपण काल रात्री का मेलो नाही, असं मला वाटत होतं. ज्या बाईला वाचवायला निघालो होतो, तिनं स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या पोरींच्या ताटातलं काढून समोर ठेवलं होतं, तेही ज्याचं तिला तोंड पाहवत नव्हतं त्या माणसासाठी.

पुढं यथावकाश निकाल लागला. हंसराज सुटला, नोकरीत मात्र परतला नाही. वहिनींचा कागद परत फिरला, क्वार्टर सोडावं लागलं. त्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागल्या, मी पाठीशी होतो, आणि पोरी शिकल्या. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडलो तेव्हा पाऊस कोसळत होता. व्हरांड्यात शकुन धावत आली आणि वहिनींच्या पायांशी वाकली. वहिनी झटकन मागं सरकल्या.

“पाया नको पडू,” त्या म्हणाल्या. “मले अजून तुह्या तोंडाकडं पाहवत नाही. तुहा काही दोष नाही, तरी पाहवत नाही. जा.”

शकुन गेली. आम्ही दोघं फाटकाजवळच्या चहाच्या टपरीत पत्र्याखाली उभे राहिलो. वहिनी रडत नव्हत्या. पत्र्यावरून पडणाऱ्या पाण्याकडं पाहत होत्या. मी चहा सांगितला, तो तसाच निवला.

“मला माफ करा, वहिनी,” मी म्हणालो.

“तुमी काय केलं?” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं न पाहता, “भाऊजी, एक विचारू? तुमाले समजते यातलं. ते रिंग घासल्यानं गोळी खरंच नीट लागते का जी?”

मला समजत होतं, हीच तर अडचण होती. दाबून बसवलेलं लाकूड चार दिवस लोखंडाला धरून राहतं, तेवढे दिवस गोळ्या जागच्या जागी पडतात. मग ते चेपतं, लोखंड आत हलायला लागतं, आणि गोळ्या पूर्वीपेक्षाही इकडंतिकडं जातात. दादाच्या शेवटच्या मॅचचा, गोळ्यांची भोकं पडलेला निशाणाचा कागद मी पाहिला होता. तशा पसरलेल्या गोळ्या डोळ्यांच्या दोषानं पडत नाहीत. डोळ्यांची भीती त्यानं उगाच घेतली होती, ते धड होते. रायफल बांधली म्हणून नेम गेला, नेम गेला म्हणून संघ गेला, संघ गेला म्हणून ती रायफल हंसराजच्या हातात गेली. एवढा मोठा नेमबाज, आणि जीव गेला तो फुकटच. काहीच मिळालं नव्हतं त्याला त्यातून.

सकाळी कोर्टात शपथेवर जे खोटं माझ्या तोंडून निघता निघता राहिलं होतं, त्यापेक्षा हे सोपं निघालं.

“लागते, वहिनी,” मी म्हणालो. “अगदी नीट लागते. दादानं रायफल चांगली बांधली होती.”

त्यांनी मान हलवली. “वाटलंच मले,” त्या म्हणाल्या. “हाताचे पक्के होते ते.”

आणि पाऊस थांबायची वाट न पाहता घराकडं चालू लागल्या.